गमबुटांचा बाक

मित्रांनो, नाकाला रुमाल लावा आणि मगच जवळ या. मी एक जुना बाक आहे. बागेतला नाही, शाळेतला नाही, दारातला. घरात शिरल्यावर डाव्या हाताला जी अरुंद जागा असते, जिथे माणसं छत्र्या टेकवतात, पिशव्या आपटतात आणि पायांतली घाण उतरवतात, तिथे माझा जन्म गेला. बागेतल्या बाकावर बसून लोक पक्षी बघतात. माझ्यावर बसून लोक मोजे काढतात. तेव्हा माझ्याकडून गोड गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

मला मोज्यांची किळस आहे. बुटांची आहे. ओल्या छत्रीची आहे आणि बुटाच्या तळाला चिकटून आलेल्या चघळलेल्या गोळीबद्दल तर विचारूच नका. त्यातून मी ज्या घरात आलो, तिथला कर्ता माणूस नर्सरीत कामाला. नर्सरी म्हणजे रोपांची. म्हणजे माती, शेणखत, गांडुळं आणि गोगलगाई. नशीबच फुटकं माझं, दुसरं काय!

त्या माणसाला त्याची लेक बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणतो. बाबा उंच, ताडमाड. त्यांच्या एका सुतार मित्राने जुन्या दाराच्या फळ्यांतून मला घडवायला घेतलं. किती उंच करू, असं त्याने विचारलं. बाबांनी हवेत हात धरून दाखवला, जरा वर, जरा खाली, आणि म्हणाले, "एवढा. किंवा एवढा." तेव्हा आई पुढे आली. तिने अंगणातल्या विटा एकावर एक रचल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, बसा यावर. आता हात न टेकता उठून दाखवा."

बाबा धडपडले. आईने वर आणखी वीट ठेवली. मग आणखी एक पातळशी. शेवटी बाबा असे उठले की बसले होते हेच कोणाला वाटू नये. आई सुताराला म्हणाली, "हं, एवढाच कर. दमून आलेल्या माणसाला घरात शिरताना कसरत नको." अशी माझी उंची ठरली. दिसायला मी जरा लांबटांग्याच झालो. बाबांच्या छोट्या लेकीचे पाय माझ्यावर बसल्यावर जमिनीला टेकायचे नाहीत. ती ते हलवत बसायची आणि टाचांनी माझ्या तंगड्या सोलून काढायची.

संध्याकाळ झाली की माझे हाल सुरू व्हायचे. बाबा यायचे. गुडघ्यापर्यंत गमबूट, त्यावर चिखलाचा लेप, आणि वास असा की भिंतीवरची पालसुद्धा वाट बदलायची. ते माझ्यावर बसायचे आणि हाक मारायचे, "कोण आहे रे तिकडे?" लेक धावत यायची. एक गमबूट बाबा स्वतःच काढायचे. दुसरा ती त्यांच्याकडे पाठ करून आपल्या दोन गुडघ्यांत धरायची. बाबा मोकळ्या, मोजा घातलेल्या पायाने तिला मागून हळूच ढकलायचे. फस्सकन आवाज यायचा आणि ती बुटासकट पुढे कोसळायची. मग दोघं खदखदा हसायची. बुटातलं कोमट काळं पाणी माझ्यावर सांडायचं. एकदा त्यातून जिवंत गांडूळ निघालं. ते माझ्या फळीवरून सावकाश चालत गेलं आणि मी काही करू शकलो नाही.

आई आतून ओरडायची, "आधी पाय धुवा, मग काय ते लाड करा." घरात अक्कल होती ती तिला एकटीलाच.

कौतुक म्हणाल तर ते माझ्या वाट्याला एकदाच आलं. एक पाहुणी म्हणाली, "बाक काय दणकट आहे हो तुमचा." मी जरा ताठ झालो. तेवढ्यात तिने आपली ओली छत्री माझ्यावर आडवी टाकली आणि ती आत निघून गेली.

अशी वर्षं सरली. लेक मोठी झाली, घरं सजवायचं शिकली आणि त्यातही दारातल्या जागेत तिने नाव काढलं. लोक तिला मुद्दाम बोलवायचे. ती त्यांना समजावायची, "घराची ओळख दारातच होते. तिथे पसारा दिसला की माणसाचा मूड गेला." बूट लपवायला झाकणाचं कपाट, किल्ल्यांना खुंटी, बाहेर पडताना चेहरा बघायला आरसा, ओल्या चपला निथळायला गोट्यांनी भरलेला ट्रे. खोटं कशाला बोलू, तो ट्रे मला मनापासून आवडला. मी आयुष्यभर निथळणारे बूट अंगाखाली सोसले होते. पोरगी हुशार होती, त्यात वादच नाही.

इकडे बाबा थकले. नोकरी संपली होती, तरी रोज सकाळी ते नर्सरीत जायचेच. आंब्यावर, गुलाबावर कलम बांधण्यात त्यांचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. पगार नाही, काही नाही. म्हणायचे, "रोपांना हात लावला नाही तर जेवण गोड लागत नाही." मग त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, "खूप चाला. पण वाकायचं नाही आणि खोल जागी बसायचं नाही." बरे झाल्यावर बाबा पहिल्यांदा माझ्यावर येऊन बसले. लांब दांड्याच्या पट्टीने त्यांनी गमबूट चढवले. श्वास घेतला. आणि हात न टेकता उठले. दार उघडून गेलेसुद्धा. संध्याकाळी पुन्हा तोच चिखल, तोच वास. मला शिसारी आली. पण त्या शिसारीला मी सरावलो होतो.

पुढे आई-बाबा काही दिवस मावशीकडे गेले, आणि लेकीने ठरवलं की दोघांना चकित करायचं. दारातली सगळी जागा नवीन करायची. बाहेर लोकांची दारं सजवते आणि स्वतःच्या दारात हे असलं, असं ती फोनवर कोणाला तरी म्हणाली. मग माझ्याकडे वळून, नाक मुरडून म्हणाली, "आणि हा बाक. शी!"

मी शी? मी? चूक कोणाची, चिखल कोणाचा, आणि शी मात्र मी! तिचे फ्रॉक घासून घासून माझं पॉलिश गेलं होतं, ते राहिलं बाजूला.

मला मागच्या बाल्कनीत नेऊन टाकलं. मित्रांनो, घाण काय असते ते मला तिथे कळलं. डोक्यावर फरशी पुसायचं पोतेरं वाळत घातलेलं. ते दिवसभर माझ्या पाठीवर ठिबकायचं. अंगावर साबणाची बादली, तिच्यात कालपासून भिजत पडलेले कोणाचे तरी आतले कपडे. त्यापुढे गांडूळ सभ्य होतं. एक बरं होतं, बाल्कनीला काचेचं दार होतं आणि त्यातून थेट पुढचं दार दिसायचं.

तिथे सगळं पांढरंशुभ्र झालं होतं. झाकणाचं कपाट, आरसा, खुंट्या, ट्रे. आणि माझ्या जागी एक गोल, गुबगुबीत, मोहरीच्या रंगाचं, बुटकं आसन. आरशाच्या आड येऊ नये म्हणून तिने ते मुद्दाम बुटकं निवडलं होतं. फोटोत सुरेख दिसायचं. हा माझा वारस! बसलं की पादल्यासारखा आवाज करायचं.

आई-बाबा परतले. बाबा पांढऱ्या भिंतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "छान केलंस गं. आपलं घर वाटतच नाही." लेकीला आनंद झाला. तिने ते कौतुक म्हणूनच घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई शिवणाच्या वर्गावर गेली, लेक कामाला गेली आणि बाबा नर्सरीला निघाले. ते त्या आसनावर बसले आणि खोल गेले. गुडघे वर, बूड खाली. बूट कसेबसे चढवले, पण उठता येईना. पुढे झुकले, मागे रेलले, भिंतीला हात लावून जोर केला. घरात कोणी नव्हतं. मी काचेतून बघत होतो आणि माझ्या पाठीवर पोतेरं ठिबकत होतं. अखेर बाबा कुशीवर कलंडून, चारी हातापायांवर येऊन, कपाटाला धरून उभे राहिले. पांढऱ्या भिंतीवर त्यांच्या पंजाचा डाग उमटला होता. तो त्यांनी रुमालाने पुसला. मग उभ्या उभ्याच, टाचेवर पाय दाबून बूट काढले आणि आत जाऊन पडले.

संध्याकाळी लेकीने विचारलं, "बाबा, आज गेला नाहीत?"

"कंटाळा आला."

दुसऱ्या दिवशीही कंटाळा आला. मग रोजच येऊ लागला. आईने खोदून खोदून विचारलं तर म्हणाले, "झालं वय आता. किती दिवस चिखल तुडवायचा?" लेक म्हणाली, "नर्सरी सुटली तर सुटली, बाबा. आराम करा." बाबा हो म्हणाले. ज्याला रोपाला हात लावल्याशिवाय जेवण गोड लागत नव्हतं, तो माणूस ताटात नुसती बोटं फिरवून उठू लागला.

तिकडे झाकणाच्या कपाटात त्यांचे गमबूट आतून दमटच कोंडले गेले होते. त्यांच्यावर पांढरी, केसाळ बुरशी धरली. वास दारात पसरला. लेकीने तिथे गुलाबाच्या वासाच्या काड्या ठेवल्या. गुलाब आणि बुरशी यांचा मिळून जो वास होतो तो तुमच्या वैऱ्यालाही न येवो. शेवटी तिने बूट चिमटीत धरून धुतले आणि बाल्कनीत माझ्या पायाशी आणून ठेवले.

मग एका दुपारी बाबा बाल्कनीत आले. त्यांनी बादली खाली ठेवली, पोतेरं बाजूला सारलं आणि खांद्यावरच्या टॉवेलने मला पुसलं. माझ्यावर बसले. गमबूट चढवले. आणि हात न टेकता उठले. कठड्यापर्यंत चालत गेले, परत आले, पुन्हा गेले. रिकाम्या फरशीवर बूट चुर्रचुर्र वाजत होते. थोड्या वेळाने बसून त्यांनी बूट काढले, होते तसे ठेवले, बादली पुन्हा माझ्यावर ठेवली आणि गेले.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. तिसऱ्या दुपारीही. त्या बुटांच्या तळाला कणभर माती नव्हती. ते स्वच्छ, कोरडे, साबणाचा वास येणारे बूट माझ्यासमोर यायचे. सगळं आयुष्य घाणीत काढलं मी, पण त्या स्वच्छ बुटांइतकी किळस मला कशाचीच आली नाही.

एकदा लेक गिऱ्हाईक घेऊन आली, नवीन दार दाखवायला. एक जाडजूड दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको. डॉक्टर बूट काढायला त्या आसनावर बसले आणि बायकोला हात देऊन ओढावं लागलं. ते हसत म्हणाले, "माझ्या सासूबाई यावर बसल्या तर त्यांच्यासकट घर विकावं लागेल हो." लेकही हसली. पण तिचं हसू मध्येच अडलं. ती आसनाकडे बघत राहिली. तेवढ्यात डॉक्टरांची बायको म्हणाली, "मागे काय आहे, बाल्कनी का?" आणि तिने काचेचं दार सरकवलं.

बाल्कनीच्या मधोमध बाबा उभे होते. घरातला पायजमा, त्यावर गुडघ्यापर्यंत गमबूट. जायला कुठे जागा नाही आणि लपायलाही नाही.

लेक म्हणाली, "बाबा, कुठे निघालात?"

"कुठे नाही गं," बाबा ओशाळून म्हणाले. "बघत होतो, अजून जमतं का."

डॉक्टर समजूतदार निघाले. चहा नको म्हणत बायकोला घेऊन ते लगेच गेले. लेक बाल्कनीच्या दारातच उभी राहिली. बाबा बूट काढायला माझ्यावर बसले. काढले, आणि सवयीने हात न टेकता उठले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग वळून काचेतून त्या मोहरीच्या आसनाकडे पाहिलं. ती मटकन माझ्यावर बसली. आता तिचे पाय जमिनीला टेकत होते, जेमतेम.

"सांगितलं का नाहीत?"

"तू एवढं मन लावून केलंस," बाबा म्हणाले. "माझ्या बुडापायी ते कशाला मोडायचं?"

ती रडली. माझ्यावर सांडलेल्या सगळ्या पाण्यांत तेवढं एक पाणी स्वच्छ होतं. मग डोळे पुसून तिने मला एकटीने उचललं आणि फरफटत पुढे नेलं. जाताना पांढऱ्या भिंतीवर माझ्या तंगडीचा लांबलचक ओरखडा उठला. तो अजून आहे. आसन बाल्कनीत गेलं. आता पोतेरं त्याच्यावर ठिबकतं. मला वाईट वाटायला हवं. वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार उघडलं आणि तो वास आला. शेणखत, ओली माती, आणखी काय काय. बाबा माझ्यावर बसले. "कोण आहे रे तिकडे?" लेक कामावरून नुकतीच आली होती, चांगल्या कपड्यांत. ती आली, पाठ करून उभी राहिली आणि तिने गमबूट दोन गुडघ्यांत धरला.

"पाय लावू नका हं, बाबा. डॉक्टर ओरडतील."

"मग निघणार कसा तो?"

फस्सकन निघाला. ती पुढे कोसळली, काळा रेंदा माझ्यावर आला आणि आतून आई ओरडली, "आधी पाय धुवा, मग काय ते लाड करा."

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी आपलं दार सजवाल. जरूर सजवा. आरसा लावा, ट्रे ठेवा. पण आधी घरात ज्याला उठायला सगळ्यात जड जातं, त्याला तिथे बसवा आणि म्हणा, आता हात न टेकता उठून दाखवा. फोटो मग काढा. आणि दारातला जुना बाक टाकून देण्याआधी एकदा बघा, तो कोणाच्या गुडघ्यावर बेतलेला आहे.

आता एक करा. आजच्या बुटासोबत एक गोगलगाय आली आहे. ती माझ्या फळीवरून चिकट रेघ ओढत निघाली आहे. शी, शी, शी. कोणीतरी तिला उचला.

नाहीतर असू द्या. उद्या संध्याकाळी दुसरी येईलच.