जनीच्या ओठांनंतर

रेवदंड्यापलीकडच्या त्या लहानशा चर्चमध्ये प्रभुभोजनाचा द्राक्षरस सगळे एकाच पेल्यातून घेत. वाडवडिलांपासूनची रीत. करोनात तेवढे प्लास्टिकचे चिमुकले कप आले होते. करोना सरला तसे कमलेशभाऊंनीच ते कपाटात टाकले. आपण एका शरीराचे अवयव, मग वेगवेगळं कसलं पितो, असं ठणकावून.

मग ईस्टरला कातकरवाडीतल्या जनीचा बाप्तिस्मा झाला आणि भाऊंना जंतू आठवले.

"पाळकसाहेब, ते कप काढा बाहेर," शनिवारी ते म्हणाले. चर्चचे सेक्रेटरी ते, नारळ-सुपारीच्या वाडीचे मालक. जनी त्यांच्याच वाडीत झावळ्या ओढायची. "स्वच्छता हो. बाकी मनात काही नाही."

"म्हणजे ईस्टरपर्यंत आपण स्वच्छ होतो," पाळक शांतवन म्हणाले.

"टोमणे नकोत. नाहीतर तिला शेवटी बसवा. लोक दुखावतील."

लोक दुखावतील म्हणून शांतवननी आजवर काय केलं नव्हतं? नाताळात कुणाच्या पोरीने गायचं, प्रार्थनेत कुणाचं नाव आधी, सगळं भाऊंच्या तोंडाकडे बघून. देवाची चाकरी म्हणत माणसांची थुंकी झेलली होती. या वेळी त्यांनी कपाट उघडलं नाही.

रविवारी जनी रांगेत मधेच गुडघे टेकून बसली. पेला तिच्या ओठांना लागला. पुढे कमलेशभाऊ. त्यांनी ओठ मिटून मान फिरवली. त्यांच्यापुढची रांग उठली आणि चपला शोधत बाहेर गेली. ख्रिस्ताचं रक्त चालतं यांना, कातकरणीची लाळ चालत नाही. उरलेला रस टाकायचा नसतो. रिकाम्या बाकांसमोर शांतवननी तो एकट्याने संपवला.

सोमवारी जनीला वाडीच्या फाटकातूनच परत पाठवलं. भाऊंचा निरोप घेऊन तीच आली.

"भाऊ म्हनतात, पाळकांनी सगळ्यांम्होरं माफी मागावी, कप काढावं. मंग मला काम हाय." ती पायरीवर टेकली. "मागा की. मी शेवटी बसंन, भाईर बसंन. पन पुन्ना वीटभट्टीवर न्हाय जायाचं मला. पोरीची शाळा जाईल."

तिला आधी विचारावं, हे शांतवनच्या मनातही आलं नव्हतं.

"माफी मागितली तर मी देवाला खोटं पाडीन, जनी."

"आन् न्हाय मागितली तर?"

भाऊंना नाही म्हणताना संताप हाताशी होता. हिला नाही म्हणायला तो कुठून आणायचा?

"मला ते करता येणार नाही," ते म्हणाले.

जनी रागावली नाही. सवय असते या लोकांना, आपण लावलेली.

"तुमचा द्येव मोठा हाय," ती उठत म्हणाली. "त्याला परवडतं."

खाडीच्या बांधावरून ती बोचकं बांधायला निघून गेली. शांतवन वाट बघत राहिले, देव काहीतरी बोलेल म्हणून. चुकलास, एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं.