तळव्यातले ठोके

मी एक शिडी बोलतेय. फिनलंडमधल्या एका तळ्याच्या धक्क्याला बांधलेली, निम्मी पाण्यात, निम्मी वर. मला घडवलं ऊर्होने, बायकोसाठी. हिल्काला भर हिवाळ्यात बर्फ फोडून तळ्यात डुंबायचा नाद. थंडीत लोखंडाला तळवे चिकटतात, म्हणून त्याने लाकूड निवडलं आणि कठड्यांना जाड दोर गुंडाळला. ऊर्हो गेला, मी राहिले.

माणसं तोंडाने काय वाटेल ते सांगतात, तळवे तसं करत नाहीत. कठडा धरला की काळजाचे ठोके माझ्यापर्यंत पोचतात. नवखा पाण्यात उतरला की त्याचं काळीज उधळतं, श्वास तुटतो. हिल्काचंही दचकतं, नाही असं नाही. पण चार श्वासांत ताळ्यावर येतं. वर्षानुवर्षं पायरीपायरीने उतरून तिने त्याला ते शिकवलंय.

तिचा जावई यार्को मात्र स्कीच्या शर्यती जिंकणारा गडी. गेल्या हिवाळ्यात तो पहिल्यांदा इथे आला. दोघं सौनातल्या, म्हणजे वाफेच्या तापत्या खोलीतल्या, उष्म्याने लालबुंद होऊन बाहेर आली.

"जावईबापू, आधी नुसते पाय बुडवा. आणि कठडा सोडू नका."

"सासूबाई, स्वस्थ बसलो ना, तर माझं काळीज तुमच्या भिंतीवरच्या घड्याळापेक्षा संथ चालतं. कसलेलं आहे ते."

"घड्याळ बंद पडलं तर चावी देता येते. तुम्हाला काय देऊ?"

तो हसला. पळण्यात कसलेलं काळीज थंडीत नवखंच असतं, हे त्याला कोण सांगणार?

आमच्या धक्क्यावर एक रीत आहे. कोणी पाण्यात उतरलं की बाकीच्यांनी पाठ फिरवायची. ज्याची थंडी त्याने सोसावी. बघत उभं राहणं असभ्यपणाचं. हिल्काने माझा एक कठडा धरला आणि रीतीप्रमाणे पलीकडच्या झाडांकडे तोंड केलं.

यार्कोने मला ओलांडून थेट सूर मारला. डोकं आधी.

वर आला तेव्हा त्याने माझा दुसरा कठडा पकडला, आणि मी हादरले. अंगाला झोंबलेला गारठा काळजाला म्हणत होता, धाव. नुकतंच पाण्यात बुडून आलेलं तोंड आणि कोंडलेला श्वास म्हणत होते, थांब. एकाच बैलाला दोघांनी दोन दिशांना ओढावं तसं चाललं होतं. ठोके धावले, अडखळले, एक चुकला, मग आणखी एक. ओरडायला त्याच्याकडे श्वास नव्हता. बोटं सुटू लागली.

आणि हिल्का झाडं बघत होती. आग लागो त्या रीतीला. मला वाचा असती तर मी किंचाळले असते. मला फक्त थरथरता येत होतं, तेही त्याच्याच हाताने.

त्याचा हात सुटला आणि ती थरथर थांबली. हिल्काच्या तळव्याला ते कळलं असावं. तिने वळून पाहिलं आणि झग्यासकट, लोकरी मोज्यांसकट ती धडाधड उतरली. काखेत हात घालून तिने त्याला वर खेचलं, त्याचं कोपर माझ्या पायरीत अडकवलं.

"श्वास सोडा. घ्यायची घाई नको, आधी सोडा. माझ्याकडे बघा. यार्को, बघ माझ्याकडे."

एकदाचा त्याने श्वास सोडला. मग मोठ्याने रडला. त्याचे ठोके लंगडत लंगडत सुरात आले. हिल्काचे मात्र मला मोजता येईनात. इतक्या हिवाळ्यांत पाण्याने तिची अशी गत कधी केली नव्हती.

आता माझी खालची पायरी कुजलीय. पुढच्या वर्षी बहुधा मी सौनाच्या चुलीत जाईन. त्याचं वाईट वाटत नाही. तुम्ही कधी आलात तर एवढंच करा, उडी मारू नका, माझ्या जागी जी असेल तिला धरून सावकाश उतरा.

यार्को या हिवाळ्यात पुन्हा येऊ लागलाय. पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत उतरून तो थबकला.

"सासूबाई, पाठ फिरवू नका."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत."

तेव्हापासून ती त्याच्याकडे तोंड करून उभी राहते, हात माझ्या कठड्यावर. त्याचं काळीज आता दचकतं आणि लवकर ताळ्यावर येतं. तिचं मात्र तो वर येईपर्यंत येत नाही.