विसावा फर्मा

मुलीचं नाव ठरलं, दाखल्यावर चढलं, वर शिक्काही बसला. आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मुलगी अठरा दिवसांची आहे, घरात सगळे तिला 'गठुडं' म्हणतात आणि कशाचाच काही पत्ता नाही.

गठुड्याचा बाप बाइंडर. आयुष्यभर पुस्तकं शिवली, वाचलं एकच. बायकोला डॉक्टरांनी सहा महिने झोपवून ठेवलं, तेव्हा ती कादंबरी त्याने तिला रोज थोडी थोडी वाचून दाखवली. नायिका मामाच्या घरी राबराब राबते आणि एके दिवशी सगळ्यांच्या नाकावर टिच्चून होडीत बसते. शेवटचं वाक्य : 'तिने मागे वळून पाहिलं नाही.'

"मुलगी झाली तर हिचंच नाव," बायको तेव्हाच म्हणाली होती. नाव कोणतं ते इथे सांगत नाही. सांगितलं की तुम्हीही उसासा टाकाल.

बाइंडर कामावर जाताना गठुड्याला चोरून त्याच नावाने हाक मारायचा. गठुडं एक डोळा उघडायचं. बापाचा दिवस सोन्याचा व्हायचा.

अर्ज भरायच्या दिवशी सकाळी त्याची थोरली बहीण आली. कॉलेजात साहित्य शिकवते. नाव ऐकलं आणि धुतलेल्या दुपट्यांच्या ढिगावरच मटकन बसली.

"अरे, ती मरते!"

"कोण मरते? ती होडीत बसून जाते."

"आणि पुढे?"

"पुढे काय? संपलं पुस्तक. पान तीनशे चार."

"पुस्तक तीनशे वीस पानांचं आहे, बाइंडरसाहेब."

बाइंडरने वजाबाकी केली. सोळा पानं म्हणजे एक फर्मा, शिवणीतली एक घडी. ही प्रत त्यानेच शिवली होती आणि विसावा फर्मा टेबलावरच राहिला होता. चूक कळली तेव्हा पुठ्ठा चढून वाळलाही होता. अशी प्रत गिऱ्हाइकाला कशी देणार, म्हणून घरी आणली. पुढे का आणली ते विसरला आणि वाचायला घेतली.

"ताई, हळू बोल. तिला कळलं तर नाव गेलं."

"कळलं," आतून बायको म्हणाली. "ताई, तुमची प्रत आणा."

ताई मागच्याच गल्लीत राहते. प्रत आली. बायकोने गठुडं खांद्यावर टाकून सोळा पानं उभ्याने वाचली. बाइंडर निकालाच्या फळ्याकडे बघावं तसा तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"होडी उलटते," ती म्हणाली. "ही पोहून येते. मग ताप. मग साप. मामाचं माफीचं पत्र येतं, ते बकरी खाते."

"बकरी?"

"बकरी. तरी ही आपली उभीच. मग सोळाव्या पानावर हिच्या डोक्यात शाळेची घंटा पडते."

"लेखकाचे कागद संपले असतील," ताई म्हणाली. हे ती वर्गात शिकवत नाही.

बायकोने पुस्तक मिटलं.

"ही मेलेली नाही, हिला मारलंय. तेही चार खेपा घालून. अहो, बघताय काय? आपल्या घरात ती तीनशे चार पानांचीच. नाव तेच."

दुपारी नोंदणी कार्यालयात कारकुनाने अर्ज वाचला, चष्मा काढला आणि पुसला.

"हे नाव? अहो, ती घंटा..." त्याने चष्मा पुन्हा पुसला.

रांगेतल्या एका बाई गठुड्याकडे बघून "अरेरे" म्हणाल्या.

"जन्मभर हेच चालणार का?" बायको नवऱ्याच्या कानात म्हणाली. या खेपेला तीच डगमगली. "पोरगी दिसायच्या आधीच लोक रडणार?"

बाइंडरने कारकुनाच्या हातून अर्ज परत घेतला आणि 'शेरा' या रकान्यात, पुस्तकाच्या पाठीवर नाव घालतो तशा बारीक, सरळ अक्षरांत लिहिलं :

'सदर नाव पृष्ठ क्र. ३०४ पर्यंतच ग्राह्य धरावे. त्यापुढील होडी, ताप, साप, बकरी व घंटा यांचा अर्जदारांच्या कन्येशी कोणताही संबंध नाही. तरी उक्त कादंबरी वाचलेल्या सर्व नागरिकांची यादी करून, कन्येस भेटण्यापूर्वी किमान सात दिवस आधी त्यांना तसे लेखी कळवावे व त्यांच्याकडून न रडण्याची हमी घ्यावी, ही नम्र विनंती.'