शहादेवचा खुबा

"आता सांगतो ते कुनाला खरं वाटनार न्हाई," म्हणत शहादेव पालथ्या बादलीवर टेकला. मांडी घालणं त्याचं कधीच सुटलं होतं. "बीडच्या डाक्टरनं मला बोगद्यात घातलं. मशीन गुरगुरलं अन् बंदच पडलं! डाक्टर म्हनला, शहादेवराव, तुमच्या हाडापुढं वीज कमी पडली."

"मंजी तालुक्याची लाईट तूच घालवली बे!" बंकट ओरडला. कडा गावाजवळच्या सोसायटीच्या चारा-छावणीत हशा पिकला. दावणीची जनावरंही माना वर करून बघू लागली.

शहादेवची बायको पारूबाई म्हशीपुढं उसाचं वाढं टाकत होती. ती हसली नाही. डॉक्टरसमोर तीही बसली होती.

डॉक्टरनं फोटो उजेडावर धरून दाखवला होता. "मांडीच्या हाडाचा हा वरचा, खुब्यातला गोळा. रक्त पोचलं नाही, म्हणून मेला. डावा चेपलाय, तो बदलावाच लागेल. उजवा साध्या एक्स-रेत धड दिसत होता, पण त्यालाही सुरुवात झालीय. भोक पाडून आतला दाब कमी केला, ओझं उचलणं थांबवलं, तर तो वाचेल कदाचित. बिघाड खुब्यात, पण दुखतं गुडघ्यात, म्हणून तुम्ही गुडघाच चोळत बसलात." मग शहादेव दुखण्यावर रोज घ्यायचा ती पुडी हुंगून म्हणाला, "यात स्टिरॉइड असणार. दुखणं पळतं आणि हाड मरतं. कमी करत कशी सोडायची ते लिहून देतो. नवी घ्यायची नाही."

आणि त्या पुड्या विकणारा आसाराम आत्ता समोरच, मांडीवर पिशवी घेऊन बसला होता.

"कामून हसता बे? माज्या पुडीला काय म्हनला डाक्टर, ते सांग की शहादेवा."

शहादेवची नजर पिशवीवर गेली. पुडीवाचून सकाळी त्याला ट्रॅक्टरवरचं वाढं उतरवणं जमत नव्हतं. "लई खूश झाला," तो म्हणाला. "म्हनला, उजवा खुबा तगलाय तो ह्या पुडीनंच. मलाबी दोन आना, माजी कंबर धरती!"

पुन्हा हशा. कपिलधारला बिबट्या शेपटीनं फिरवून दरीत टाकल्याची त्याची गोष्ट पारूबाईनं आयुष्यभर मान डोलावून खरी केली होती. त्या बिबट्यानं कुणाचं वाईट केलं नव्हतं.

"मग मलाबी दे की रे दादा," बंकटची बायको ताराबाई पुढं सरकली. "टँकरचे हंडे वाहून गुडघा लई ठणकतोय."

आसारामनं पुडी फोडून तिच्या तळव्यावर ओतली. ताराबाईनं पारूबाईकडं पाहिलं. "खरंच म्हनला का वो डाक्टर, पारूकाकू?"

"म्हनला की! पारू व्हती तिथं," शहादेव घाईनं म्हणाला.

पारूबाईनं वाढ्याचा भारा तिथंच टाकला. तरातरा येऊन तिनं ताराबाईच्या हाताला असा फटका मारला, की पांढरी भुकटी आसारामच्या धोतरावर उडाली.

"खोटं! धडधडीत खोटं बोलतंय हे मुडदं! ह्याच पुडीनं हाड मेलंय त्याचं. आज सकाळी मोरीतून मी उचलून आनला त्याला, तारे. तुला कोन उचलंल?"