पुढची चाकं

उल्हासच्या जीपमध्ये एक गोष्ट सोडली तर बाकी सगळं खरं होतं.

चासी, म्हणजे खालचा सांगाडा, खरी होती. लष्कराच्या लिलावातून हात बदलत बदलत बंगळूरमधल्या यशवंतपूरच्या एका गोडाऊनमागे येऊन गंजत पडलेली. इंजिन खरं होतं, जुनं डिझेल, सकाळी सुरू केलं की मल्लेश्वरमची अख्खी गल्ली उठून बसायची. सीटा एका मोडीत निघालेल्या मिनीबसच्या होत्या, टप लॉरीच्या ताडपत्रीचा होता आणि हॉर्न कशाचा होता ते कुणी विचारू नये. खोटं होतं ते एवढंच, की मागच्या फळीवर लाल रंगात ‘फोर बाय फोर’ असं लिहिलेलं होतं.

फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद. मागची चाकं चिखलात घसरायला लागली की ड्रायव्हरशेजारचा दांडा ओढायचा, मग पुढची चाकं जोर धरतात आणि गाडी ओढून काढतात. जंगलात, नदीत, डोंगरात जायचं तर हेच हवं. उल्हासच्या जीपमध्ये तो दांडा होता. ओढला की ‘खट्’ असा छान आवाजही यायचा. बाकी काही व्हायचं नाही.

हौसेला मोल नाही म्हणतात. ही म्हण ज्याने काढली त्याने महिनाअखेरीला घरभाडं भरलं नसावं. उल्हास पुण्याचा, बोम्मसंद्र्याच्या एका पंपांच्या कारखान्यात इंजिनियर. पगार बेताचा, बायको नीलिमा बालवाडीत शिकवायची, तिचा पगार त्याहून बेताचा. तरीही सगळ्या कारखान्यात या गृहस्थाने वर्षभर आधीच सांगून ठेवलं होतं, की मी फोर बाय फोर बांधतोय. अंथरूण घ्यायच्या आधीच पाय पसरून झाले होते.

जीप बांधली ज्योतिबाने. हा निपाणीकडचा मेस्त्री, यशवंतपूरला त्याची पत्र्याची शेड होती. रविवार आला की उल्हास जुने कपडे घालून तिथे हजर. दोघं मिळून शिवाजीनगरची गुजरी पालथी घालायचे, भंगाराच्या ढिगातून एकेक भाग उचलून आणायचे. तिथेच त्यांना पुढचं अॅक्सल, म्हणजे पुढच्या दोन चाकांना फिरवणारा आस, मिळालं. बाहेरून भक्कम, पण आतल्या गिअरचे दात पार गेलेले. चांगलं अॅक्सल दुकानात होतं. त्याची किंमत ऐकून उल्हासने खिशातला हात बाहेरच काढला नाही.

ज्योतिबाने ते खोललं, आतला चुरा काढून फेकला आणि म्हणाला, “नुस्तं खोकं हाय बघा सायेब. चाक गरागरा फिरंल, पण वडणार न्हाई.”

“बसव तूर्त. सहा महिन्यांत आतलं सामान घालू.”

“आणि दांडा?”

उल्हासने क्षणभर विचार केला. क्षणभरच. तो आणखी थोडा लांबला असता तर पुढचं काही घडलं नसतं. “दांडाही बसव,” तो म्हणाला.

ज्योतिबाने दांडा बसवला, खाली एक स्प्रिंग लावली, आवाज यावा म्हणून. पाहुणे आले की उल्हास त्यांना दांडा ओढायला द्यायचा. पाहुणे खूश, उल्हास खूश. सहा महिने झाले तेव्हा फ्रिज बिघडला. पुढच्या सहा महिन्यांत सासूबाईंचा मोतीबिंदू निघाला. मग कुणी विचारीना आणि उल्हासलाही आठवेना. बडा घर पोकळ वासा, पण वासा पोकळ आहे हे घरमालकच विसरला होता.

कारखान्यातल्या चार जीपवाल्यांचा एक गट होता. महिन्यातून एकदा ते रामनगर, कनकपुरा असे कुठेकुठे जायचे. उल्हास जायचा, पण खरा चिखल दिसला की म्हणायचा, “हे म्हशींचं काम आहे. गाडी राखून चालवण्यात खरी कला.” आणि अंदाज घेत घेत कोरड्या कडेने गाडी अशी काढायचा, की लोक वाहवा करायचे. त्यातून त्याचं पट्टीचा ड्रायव्हर म्हणून नाव झालं. नाव झालं की माणसाला खरं बोलणं आणखी अवघड जातं.

सत्त्याण्णव साली नीलिमाचा धाकटा भाऊ मल्हार सांगलीहून बंगळूरला आला. कॉम्प्युटर कंपनीत नोकरी, राहायला ताईकडे. मल्हारला दाजींचं भारी कौतुक. दाजींनी गाडी स्वतः बांधली, हे तो ऑफिसात सांगायचा, बसमध्ये सांगायचा, कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्यालाही मोडक्या कन्नडमध्ये सांगायचा. उल्हासने त्याला जीप शिकवली. पोराचा हात चांगला होता. फक्त एकट्याला गाडी द्यायची वेळ आली की उल्हासचं काहीतरी निघायचं. आज ब्रेक नरम आहेत. आज डिझेल कमी आहे. आज रविवार आहे.

खरं सांगायला काय झालं होतं? “मल्हार, हा दांडा नुसता शोभेचा आहे रे,” एवढंच वाक्य. पण तो ज्या डोळ्यांनी बघायचा ते डोळे उल्हासला सोडवत नव्हते. घरात कुणीतरी आपल्याला मोठा मानतंय, हे सुख त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

मल्हारच्या ऑफिसात सिद्धी नावाची मुलगी होती. तिचे वडील हणमंतराव, चिकोडीकडचे, पण तीस वर्षं बंगळुरात मुरलेले. मल्हारचं आणि तिचं जमलं होतं. हणमंतरावांनाही मुलगा पसंत होता, फक्त बोलणी व्हायची बाकी होती. एका शनिवारी जीपवाल्यांचा गट अर्कावती नदीच्या काठी जाणार होता. उल्हासला कारखान्यात काम निघालं. मल्हार म्हणाला, मी सिद्धीला घेऊन जाऊ का गाडी?

“क्लच जरा...” उल्हासने सुरुवात केली.

नीलिमाने पोळी तव्यावरच सोडली. “दर वेळी काहीतरी! माझा भाऊ आहे म्हणून देत नाहीस. तुझा असता तर किल्ली हातात ठेवून वर डिझेलला पैसे दिले असतेस.”

मल्हार मान खाली घालून बसला होता. उल्हासपुढे दोनच वाटा होत्या. खरं सांगायचं किंवा किल्ली द्यायची. त्याने किल्ली दिली. “चिखलाबिखलात घालू नकोस,” एवढं म्हणाला आणि कामावर गेला.

अर्कावतीच्या पात्रात त्या दिवशी फार पाणी नव्हतं. गटातल्या दोन जीप दांडा ओढून आरामात पलीकडे गेल्या. मग सगळ्यांनी मल्हारला हात केला, ये. मल्हारने का जाऊ नये? त्याच्या गाडीवर तर लिहिलेलंच होतं. पाण्यात उतरताना त्याने दाजींनी दाखवल्याप्रमाणे दांडा ओढला. खट् असा आवाज आला. मधल्या वाळूत मागची चाकं रुतली, पुढची नुसती उभी राहिली. त्याने जोर दिला तशी मागची बाजू आणखी खचली आणि गाडी एका अंगावर कलली. सिद्धी खडकावर पडली. तिचा उजवा कोपर मोडला.

गाडी दोराने ओढून काढली. कुणी तरी म्हणालं, पुढची चाकं फिरलीच नाहीत. दुसरा जाणता बोलला, घाईत दांडा ओढला असणार, दात तोडले पोराने. झालं. मल्हारने ते ऐकलं आणि मनावर कोरून घेतलं.

रात्री घरी येऊन तो उल्हासच्या पाया पडला. “दाजी, तुमच्या गाडीची वाट लावली मी. सिद्धीचा हात... मला माफ करा.”

आता बोल, आता तरी बोल, असं उल्हासला आतून कुणी सांगत होतं. नीलिमा दारात उभी होती. त्याने मल्हारच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “जाऊ दे रे. होतं असं. मी नाही रागावलो.”

क्षमा केली! ज्याने पाया पडायला हवं होतं त्याने आशीर्वाद दिला. इतकी स्वस्त क्षमा कुणी कुणाला केली नसेल.

आठवड्याने हणमंतराव घरी आले. सिद्धीच्या हाताचं ऑपरेशन झालं होतं, कोपर पुरता सरळ होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मल्हार ऑफिसात होता. हणमंतरावांनी कॉफी घेतली, स्वल्प साखर घालायला सांगितली, मग कप बाजूला ठेवला.

“उल्हासराव, मी भांडाय आलो नाही. पोरगी म्हणत्ये त्याची चूक नाही, गाडीतच काही तरी असेल. तिचं मन आहे हो त्याच्यात. मला एकच पाहिजे. गाडी तुम्ही बांधली, तुम्हालाच ठाऊक. गाडीत काही दोष होता काय? असेल तर असेल, लोखंड आहे ते, मी पोराला बोल लावणार नाही. पण गाडी सरी, म्हंजे ठीक, असूनपण ह्याने पोरीला घेऊन पाण्यात घातली आणि मोडली, असं असेल, तर मला विचार करायला पाहिजे.”

यापेक्षा सरळ प्रश्न देवानेही विचारला नसता. उल्हासने मनात हिशेब मांडला. हो म्हणालो तर हे विचारतील, मग तुम्ही गाडी दिलीत कशी? नीलिमा विचारेल. कारखान्यात कळेल. लाल अक्षरांकडे बोट दाखवून लोक हसतील. लोक हसतील, या भीतीपुढे त्याला त्या मुलाचं आयुष्य दिसेनासं झालं. माणूस वाईट नव्हता तो. पण त्या घटकेला त्याने वाईट माणसाचंच काम केलं.

“गाडी ठीक होती,” तो म्हणाला.

“सरी,” हणमंतराव उठत म्हणाले. दारात त्यांनी नमस्कार केला.

सिद्धी घरी रडली असेल, भांडली असेल. ते कुणाला कळलं नाही. पुढच्या वैशाखात तिचं हुबळीला लग्न झालं. मल्हारने कुणाला दोष दिला नाही, कारण दोष कुणाचा हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो स्टिअरिंगला पुन्हा शिवला नाही. ऑफिसच्या गटाने सहल काढली की हा मागच्या सीटवर खिडकीशी. थोड्या दिवसांनी त्याने मित्राबरोबर वेगळी खोली घेतली. सणाला यायचा, जेवायचा, जीपकडे न बघता निघून जायचा. पूर्वी जेवताना बोलून बोलून ताईचं डोकं उठवणारा मुलगा आता मीठ लागलं तरी हाताने दाखवायचा. उल्हासला त्याच्यासमोर घास उतरत नसे. सांगू, उद्या सांगू, असं त्याने किती वेळा ठरवलं. आता सांगून तरी काय उपयोग, हे उत्तर त्याला दर वेळी तयार मिळायचं.

आणि एक दिवस कारखान्यात ज्योतिबाचा फोन आला.

“सायेब, मल्हारदादा आल्यात शेडवर. अॅक्सल आणलंय, पयल्या दर्जाचं, आतल्या सामानासकट. बोनस मिळाला म्हणं. मी मोडलं ते मीच भरून देणार, म्हणत्यात. दाजींना आत्ता सांगू नका, म्हणाले. जीप तर सर्व्हिसिंगला हितंच हाय. जुनं खोला म्हणून मागं लागल्यात. काय करू?”

दात झिजून गेले होते असं सांग, हे वाक्य उल्हासच्या ओठांपर्यंत आलं. ज्योतिबाने ते सांगितलंही असतं. उल्हासने ते गिळलं. “खोलू नको,” तो म्हणाला. “मी येतोय. मलाच सांगायचंय त्याला.”

अर्धी रजा टाकून तो स्कूटरवर निघाला. बोम्मसंद्र्यापासून यशवंतपूर म्हणजे सगळं शहर आडवं कापायचं. सिग्नलला थांबला की तो मनात वाक्यं जुळवत होता. आधी मल्हारला सांगायचं, मग नीलिमाला, मग हणमंतरावांच्या घरी जायचं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला मोकळं वाटत होतं. या वेळी तो खरंच सांगणार होता.

शेडमध्ये जुनं अॅक्सल जमिनीवर उघडं पडलं होतं. ज्योतिबा कोपऱ्यात उभा होता. “मी नगं म्हणालो सायेब. त्यांनीच पाना घेतला,” तो पुटपुटला आणि बाहेर गेला.

मल्हार उकिडवा बसून आत बघत होता. तुटलेला एकही दात तिथे नव्हता. तेलाचा थेंब नव्हता. कोरडं खोकं होतं, त्यात कोळ्याने जाळं धरलं होतं.

“दाजी, यात कधी काही होतं?”

“नाही,” उल्हास म्हणाला. वाटेत जुळवलेल्या वाक्यांपैकी एकही आठवलं नाही.

मल्हारने पाना खाली ठेवला. मग त्याने विचारलं, “ताईला ठाऊक होतं?”

“नाही. शपथ. तिला काहीच ठाऊक नाही.”

मल्हारने डोळे मिटले. “बरं झालं. तेवढं एक विचारायचं होतं.”

“मल्हार, मी आज सांगायलाच आलो होतो. आता घरी जातो, तिला सगळं सांगतो. हणमंतरावांकडे जातो...”

“हणमंतरावांकडे जाऊन काय करणार? सिद्धी तिच्या घरी सुखात आहे, तिथे आता काही नेऊ नका.” त्याने चिंधीला हात पुसले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर उल्हासला बरं वाटलं असतं. “आणि ताईला सांगू नका. तिला तुमच्याबरोबर राहायचंय.”

ज्योतिबाला हाक मारून तो म्हणाला, “नवं बसवून टाका.” मग बॅग उचलून बसस्टॉपकडे गेला.

संध्याकाळी उल्हास स्कूटर शेडवरच ठेवून जीप घेऊन घरी आला. नीलिमा फाटकातच उभी होती, मल्हारने नवं अॅक्सल दिल्याचं ज्योतिबाकडून तिला फोनवर कळलं होतं. तिचे डोळे भरून आले होते. तिने जीपभोवती एक चक्कर मारली, वाकून पुढच्या चाकांच्या मधे पाहिलं, काही कळत नसताना पाहिलं.

“बघितलंस माझा भाऊ?” ती म्हणाली. “चूक झाली तर झाली, पण मोडलेलं भरून दिलं की नाही?”

“हो,” उल्हास म्हणाला.