हेडमास्तरच्या पोटातलं घड्याळ

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मामानं पंपाच्या अंगाला टेकवलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. पंपाचा आजार ओळखायची त्याची हीच रीत. लोखंडातून जे ऐकू येतं ते डोळ्यांना दिसत नाही, असं तो म्हणायचा. भाची पंपघराच्या दारात उभी होती. चौदा वर्षांची पोर, पण उभी अशी, की कुणी ‘बस’ म्हणालं असतं तर तिथेच आडवी झाली असती.

“काय म्हणतोय?” तिनं विचारलं.

“नुसताच गरगर फिरतोय. पाणी ओढत नाहीये.”

“मी सहाला आलो तेव्हाच कारंजं बंद होतं, मिस्त्री,” बागेचा माळी मागून म्हणाला. “म्हटलं, वीज गेली असेल.”

“तुझं डोकं गेलं असेल! बाहेर बघितलंस का?”

भाचीनं बघितलं. बागेतल्या तळ्यातले सगळे मासे वर आले होते. शेकडो तोंडं पाण्याच्या कडेला चिकटून उघडत होती, मिटत होती, उघडत होती. सकाळचे सव्वासात आणि भिंतीला हात लावावा तर चटका. पंधरा दिवस ऊन असं तापत होतं. पाणी तापलं की त्यातली हवा उडून जाते. कारंज्याचं पाणी वरून पडताना हवा घेऊन खाली जायचं, तेवढ्यावर तळं तगून होतं. आता तेही बंद.

हा मामा म्हणजे अख्ख्या वस्तीत थापांसाठी नावाजलेला. त्याच्या काही थापा इतक्या जुन्या, की नोकरीत असत्या तर आतापर्यंत पेन्शन खात बसल्या असत्या. एकदा त्यानं दुरुस्त केलेल्या पंपानं इतका जोर लावला, की शेजारच्या विहिरीतलं पाणी, बादली, दोर आणि दोर धरून उभी असलेली शेजारीण, सगळंच्या सगळं नळातून बाहेर आलं. शेजारणीचे केससुद्धा विस्कटले नव्हते म्हणे. आणि या तळ्यात एक डोळा गेलेला, हातभर लांब, कायम रागावल्यासारखा दिसणारा मासा होता. त्याचं नाव मामानं ठेवलं होतं हेडमास्तर. या हेडमास्तरनं मामाचं मनगटी घड्याळ गिळलं होतं आणि ते त्याच्या पोटात अजून चालू होतं.

“चावी कोण देतं?” सहा वर्षांची असताना भाचीनं विचारलं होतं.

“शेपटी हलते ना, आपोआप बसते.”

तेव्हापासून मामानं घड्याळ घातलं नाही. थाप मारायची तर नीट निभवायची. भाची मात्र कितीतरी दिवस पाण्याला कान लावून टिकटिक ऐकायची.

पण यंदा तिचं हसू कुठेतरी हरवलं होतं. फोनवर वणवे, पूर, वितळणारे बर्फाचे डोंगर बघून बघून तिची झोप उडाली. तीन आठवडे शाळेत जात नाही, मैत्रिणींचे फोन घेत नाही, भिंतीकडे तोंड करून पडलेली. एकदा तिनं विचारलं, “मामा, मी तुझ्याएवढी होईन तेव्हा काय उरलेलं असेल?” मामा सुरू झाला, “अगं, आमच्या वेळी असा उन्हाळा पडला होता, की माणसांच्या सावल्या वितळून गटारात...” तिनं कूस बदलली. “थापा नको मारूस.” बस्स. इतक्या वर्षांत त्याला असं कुणी गप्प केलं नव्हतं.

तिची आई, म्हणजे मामाची थोरली बहीण, नर्स होती. ड्यूटीवरून आली आणि चपला काढायच्या आत म्हणाली, “खोटं बोलून तिला हसवत बसू नकोस. तिची भीती काही खोटी नाही. तुझ्याबरोबर कामावर ने तिला. हाताला काहीतरी काम लागू दे.” ताई सांगते म्हटल्यावर कुणाची बिशाद? आज चौथा दिवस होता. तीन दिवस पोरीनं मुकाट्यानं नट आवळायचे पाने पुसून दिले होते.

“वाचतील का?” तिनं आता विचारलं.

मामाच्या जिभेवर एक झकास थाप तयार होती. तिचा चेहरा पाहून त्यानं ती गिळली.

“माहीत नाही. पाइप वर काढायला हवा.”

तळ्यात बुडालेल्या पाइपाच्या टोकाला एक झडप असते. ती पाणी वर जाऊ देते, पण परत खाली येऊ देत नाही. पंप रिकामा फिरतोय म्हणजे तीच गळत असणार. मामाच्या दुखऱ्या कमरेला पट्टा होता, त्याला वाकता येत नव्हतं. माळी गुडघ्यांनी बेजार. राहिली भाची.

फोन काठावर ठेवून ती पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात गेली. पाणी अंघोळीचं असावं तसं कोमट. दोन पावलांवर काहीतरी मऊ तिच्या पोटाला लागलं. मेलेला मासा. मग दुसरा. ती जागच्या जागी थांबली. छाती भराभर वरखाली व्हायला लागली, आणि तोंड अगदी त्या माशांसारखं उघडमीट करायला लागलं.

“नाही जमत मला. सगळंच मरतंय. सगळंच!”

“पाइप सापडला का?” मामा साध्या आवाजात म्हणाला.

“मामा, मी...”

“बाकी काही बघू नकोस. डाव्या हाताला पाइप आहे. तेवढा धर.”

तिनं धरला. तिघांनी मिळून तो वर ओढला. तिनं झडप उघडली. आतल्या रबराला आडवी चीर गेली होती आणि चिरेत हिरवं शेवाळ बसलं होतं. तीनच दिवस पाने पुसले असले तरी पोरीची नजर तयार झाली होती.

“ही चीर आजची नाहीये.”

मामानं नजर पाइपाकडे वळवली.

“तुला माहीत होतं?”

थाप मारायला याहून सोपी वेळ नव्हती. माळ्यावर ढकलता आलं असतं, रबर विकणाऱ्यावर ढकलता आलं असतं. “हो,” मामा म्हणाला. “महिन्यापूर्वी आवाजात कळलं होतं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात करू.”

“पुढच्या आठवड्यात!” ती ओरडली तसा माळी दोन पावलं मागे सरकला. “सगळे मोठे हेच म्हणतात! कळलेलं असतं तुम्हाला, सगळं कळलेलं असतं, आणि तरी पुढच्या आठवड्यात!”

झडप तिनं दगडावर आपटली, काठावरचा फोन उचलला आणि ओल्या कपड्यांनी तरातरा फाटकाकडे निघाली.

मामानं हाक मारली नाही. कुठल्या तोंडानं मारणार? सायकलची जुनी ट्यूब मांडीवर घेऊन तो रबराचा तुकडा कापायला बसला. पहिला लहान झाला. त्यानं फेकला, दुसरा घेतला. फाटकाकडे बघायचं नाही असं ठरवून तो चारदा बघून झाला होता. पाचव्यांदा बघितलं तर ती तिथेच पाठमोरी उभी, फोन कानाला.

“बादल्या आणा. बागेत. हो, मीच बोलतेय. रडत नाहीये गं, ओली आहे. नाही, संध्याकाळी नाही, आत्ता!”

रविवारच होता, अर्ध्या तासात तिच्या वर्गातली आठ पोरंपोरी हजर. सात जणांकडे बादल्या आणि एकीकडे पिठाची मोठी चाळणी.

“भोकं असलेलं भांडं कशाला आणलंस, शहाणे?”

“आई ओरडत होती, हाताला लागलं ते घेऊन पळाले!”

सगळे तिला हसले. मग कुणीतरी चाळणीत बादली ओतली आणि पाणी शंभर धारांनी खाली पडलं. त्या धारांखाली मासे गोळा व्हायला लागले. हसणं थांबलं. मग ती चाळणी सगळ्यांत भाव खाऊन गेली. पाणी काढायचं, डोक्यावर उचलायचं, ओतायचं. काढायचं, उचलायचं, ओतायचं. तळवे सोलवटले, एक जण उन्हानं ओकला, तोंड धुऊन परत रांगेत उभा राहिला.

भाची मामासमोर येऊन बसली. राग उतरला नव्हता, चेहऱ्यावर चांगला ठळक होता.

“दे इकडे. तू हाही लहान कापशील.”

तिनं रबर कापून बसवलं. झडप पाइपाला आवळली, पाण्यात उतरून पाइप जागेवर सोडला. पंपाच्या वरच्या तोंडातून पाणी भरलं, बुडबुडे थांबेपर्यंत. मामानं बटण दाबलं. पंप खोकला, मग नुसताच गरगर फिरत राहिला. बाहेर बादल्याही थांबल्या.

“बंद करू?” माळी म्हणाला.

“थांबा!” भाचीनं स्क्रूड्रायव्हर पंपाला टेकवून कानाला लावला होता. “खरखरतंय... अजून खरखरतंय... मामा, आवाज जड झाला.”

“म्हणजे?”

“पाणी आलं.”

बाहेर कारंजं हातभर उडालं, बसलं, आणि मग पुरुषभर उंच उभं राहिलं. फाटकावरच्या घड्याळात अकरा वाजले होते.

दुपारपर्यंत मासे खाली गेले. सगळे नाहीत. मेलेले काढून पोरांनी तीन घमेली भरली आणि झाडांच्या आळ्यांत पुरायला नेली. जाता जाता मामा माळ्याला म्हणाला, “मागच्या विहिरीवरच्या पंपाचीही झडप जुनीच आहे. ती आपण पुढच्या...” आणि त्यानं जीभ चावली.

“जेवून घ्या,” भाची म्हणाली. “दोनला काढू.”

हेडमास्तर शेवटी सापडला, पायरीच्या सावलीत, आडवा. मेल्यावरही रागावलेलाच. त्याला घमेल्यात टाकायला कुणाचा हात होईना. भाचीनं त्याला दोन्ही हातांनी उचलून पायरीवर ठेवलं आणि ती शेजारी बसली. मामा तिच्या मागे उभा होता, आता ही पुन्हा भिंतीकडे तोंड करते की काय या भीतीनं.

मग तिनं स्क्रूड्रायव्हर काढला. टोक माशाच्या पोटाला अलगद टेकवलं, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले.

“बंद पडलंय, मामा.”

“कितीला?” मामानं विचारलं.

“पावणेअकराला.”

मामानं आपल्या रिकाम्या मनगटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला.