एकशे बारा नागरिक आणि एक सतरंजी

मी एक जुनी सतरंजी आहे. मित्रांनो, माझ्या काठावर तांबड्या ऑइलपेंटने ग्रामपंचायतीचे नाव लिहिलेले आहे, कारण मी चोरीला जाईन अशी गावाला भीती होती. गावातून इतर काय काय चोरीला जाऊ शकते, याचा विचार त्या वेळी कोणी केला नाही.

माझा जन्म एका कारागृहाच्या विणकामशाळेत झाला. ज्यांनी मला विणले त्यांना मताचा अधिकार नव्हता. मला मात्र मतदारांखाली अंथरण्यासाठी धारूरच्या घाटाखालच्या या गावी पाठवण्यात आले. यातला विनोद समजायला मला काही वर्षे लागली.

पहिली वर्षे चांगली गेली. ग्रामसभेच्या दिवशी मला पारावर अंथरत. माणसे मांडी घालून बसत, तंबाखू मळत आणि रस्त्यावरून, गायरानावरून, हापशावरून भांडत. बोलता बोलता एखादा रागाने माझा दोराच उपसून काढी. मला त्याचे दुःख नसे. जो भांडत असतो तो निदान घरी निघून गेलेला नसतो.

मग निळ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. मान्यवर वर बसले, उरलेले खाली, आणि काही वर्षांनी खाली बसणारे येईनासे झाले. माझी गुंडाळी कार्यालयाच्या दाराआड उभी राहिली. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. सोमवारी मात्र बचत गटाच्या बाया मला उलगडत. याच बैठकांत गटाच्या सचिव सुनिताबाईंनी सारजाबाईला सही करायला शिकवले. सारजाबाई डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीवर राहते. दिवाळी झाली की नवरा परमेश्वर याच्यासोबत ती ऊसतोडीला जाते आणि चैत्रात परतते. त्या कामात नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मोजायचे ते हत्यार, माणसे त्याला लागून येतात. सारजाबाई पेनही कोयत्यासारखेच आवळून धरी. कागद फाटे आणि पेनाचे टोक माझ्या अंगात रुते. दोन महिन्यांत तिचे नाव कागदावर सरळ उभे राहिले.

तिच्या वस्तीवरचा हापसा उन्हाळ्यात कोरडा पडतो. बाया मैलभरावरून हंडे आणतात. अखेर गेल्या वर्षी वस्तीसाठी पाण्याची टाकी मंजूर झाली. आता या वर्षीच्या सव्वीस जानेवारीकडे वळते.

सकाळी सरपंच विजयसिंह यांनी झेंडा फडकवला. देशासाठी प्राण देण्याची तयारी ठेवा, असे त्यांनी चौथीच्या मुलांना सांगितले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, जिलेबी खाल्ली आणि ती घरी गेली. वस्तीला तर कुलपेच होती. सगळे कोयते उसाच्या फडात होते.

झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. म्हणजे दार लोटून घेऊन ग्रामसेवक अभिमन्यू यांनी ती लिहून काढली. सह्या त्यांनी निरनिराळ्या वळणांत केल्या. अंगठे शिपाई रामहरीने उठवले, सगळे स्वतःच्याच डाव्या हाताचे. दाटीवाटीने बसली तरी माझ्यावर साठ माणसे मावतात. त्या दिवशी एकशे बारा नागरिक हजर राहिले आणि माझी गुंडाळी सुटलीसुद्धा नाही. वस्तीवरील ग्रामस्थांच्या संमतीने टाकीची जागा बदलून ती सरपंचांच्या मळ्यालगत घ्यावी, असे त्या नागरिकांनी एकमताने ठरवले. एवढे एकमत मी भरलेल्या सभेत कधी पाहिले नव्हते.

जुलैत मळ्यालगत खड्डा खणला गेला. सारजाबाई कार्यालयात आली.

“मावशी, तुमच्याच संमतीनं झालंय,” अभिमन्यू म्हणाले. “हे बघा, तुमचा अंगठा हाय.”

तिने त्या निळ्या डागाकडे पाहिले आणि ती निघून गेली.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर ती परत आली. तिच्यामागे सारी वस्ती होती. तिने स्वतः मला दाराआडून ओढून काढले, झटकले आणि खुर्च्यांसमोर अंथरले. माणसे बसली. कितीतरी वर्षांनी माझ्यावर वजन आले.

अभिमन्यूंनी एका दमात सुरुवात केली, “मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले. विषय दुसरा...”

“वाचलं कधी?” सारजाबाईने विचारले.

“तसं लिहायची पद्धत हाय, मावशी.”

“मंग आज वाचायची पद्धत पाडा.”

विजयसिंह हसले. “सारजाबाई, आज झेंड्याचा दिवस हाय. आज तरी राजकारण नगं. देशाबद्दल बोला काई.”

“देशाबद्दलच बोलायले मी. वाचा म्हणा त्यान्ला.”

वाचावे लागले. एकेक नाव निघाले आणि माझ्यावरून उत्तरे उठू लागली. “मी कर्नाटकात होतो.” “आमी दोघं फडात होतो बे, इथं कवा आलतो?” मग उत्तरेश्वरचे नाव आले. त्याची विधवा भिवराबाई पदर सावरत म्हणाली, “त्येन्ला जाऊन दोन वर्सं झाली. मीटिंगला आलते व्हय? मंग घरी कावून न्हाई आले, तेवढं इचारा की.”

हशा पिकला. खुर्च्यांवरचे मात्र कोणी हसले नाही.

“सारजाबाई परमेश्वर,” अभिमन्यूंनी वाचले, “अंगठा.”

तिने सुनिताबाईंकडून पेन घेतले. सभेच्या नोटिशीच्या पाठीवर सावकाश आपले नाव लिहिले आणि कागद वर धरला. “ही माझी सही. बँकेतबी हीच हाय. मंग ह्यो अंगठा कुनाचा?”

ज्यांनी तो कागद रचला त्यांची चूक बारीकशीच होती. फडावर जाणाऱ्या बाईला लिहिता येत असेल, अशी शंकाही त्यांना आली नव्हती.

रामहरी दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता.

“च्या दे बे सगळ्यान्ला,” विजयसिंह म्हणाले.

रामहरीने ट्रे खाली ठेवला. “माझा हाय,” तो म्हणाला. “साऱ्या बायांचे अंगठे माझेच हायेत. लाव म्हणले, लावले.”

मित्रांनो, सकाळी दिलेल्या घोषणा मी दाराआडून ऐकल्या होत्या. त्या देताना कोणाचे काही जाणार नव्हते. रामहरीची नोकरी मात्र या तीन वाक्यांवर होती. देशभक्तीची व्याख्या मला कोणी विचारणार नाही, पण विचारलीच तर मी आधी ही तीन वाक्ये सांगेन.

“सभा तहकूब!” म्हणत विजयसिंह उठले. सरपंच उठले की सगळ्यांनी उठायचे, ही गावाची सवय. त्या दिवशी कोणी उठले नाही. अभिमन्यू अर्धे उभे राहून घुटमळले. तेव्हा तिसऱ्या खुर्चीवरच्या उपसरपंच अंजनाबाई, ज्या पदावर आल्यापासून सभेत कधी बोलल्या नव्हत्या, म्हणाल्या, “अभिमन्यूभाऊ, खाली बसा. सभा चालवायला मी हाय ना इथं. लिवा.”

मागील इतिवृत्त कायम केलेले नाही, टाकी वस्तीवरच व्हावी, असे लिहिले गेले आणि ते मोठ्याने वाचले गेले. पहिली सही सारजाबाईची झाली. त्यानंतरचा प्रत्येक अंगठा ज्याचा त्याचा होता. बसलेली माणसे आणि कागदावरची माणसे यांचा आकडा जुळला. माझ्या आयुष्यात असे फार थोड्या वेळा झाले आहे.

टाकी अजून झालेली नाही. कागद तालुक्याला गेला आहे आणि मळ्यालगतचा खड्डा तसाच उघडा आहे. तो कोणी बुजवतही नाही, कारण सरपंच दिवाळीची वाट पाहत आहेत. दिवाळीनंतर वस्तीला पुन्हा कुलपे लागतील, पुन्हा सव्वीस जानेवारी येईल आणि कोऱ्या पानावर पुन्हा नावे लागतील.

म्हणून मित्रांनो, तुम्ही जे गावातच राहणार आहात त्यांना माझी विनंती आहे. मला धुऊ नका, रफू करू नका, माझा सत्कारही नको. त्या सकाळी झेंड्याला वंदन केल्यावर लगेच घरी जाऊ नका. माझी गुंडाळी सोडा, माझ्यावर बसा. आणि सारजाबाईचे नाव हजर म्हणून वाचले गेले, तर उभे राहून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा की ती इथे नाही, ती ऊस तोडायला गेली आहे.